बारा नोडचा नियम: एक चिकित्सा

मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगावरील पाठ्यपुस्तकांत एक वाक्य हमखास सापडते: शस्त्रक्रियेत काढलेल्या भागातील किमान १२ लसीका ग्रंथी तपासल्या गेल्या पाहिजेत. परीक्षेत हे वाक्य लिहिले की गुण मिळतो आणि बहुतेक विद्यार्थ्यांचा या आकड्याशी संबंध तिथेच संपतो. रुग्णालयात मात्र याच आकड्याचा आधार घेऊन केमोथेरपी द्यायची की नाही यावर चर्चा होते, शल्यचिकित्सकाच्या कामाची पारख होते, आणि काही देशांत तर रुग्णालयांची तुलनाही केली जाते. एकाच आकड्याकडून इतकी कामे करून घेणे योग्य आहे का, हा या टिपणाचा विषय आहे.

टिपणाचे म्हणणे थोडक्यात असे. ‘ग्रंथी अबाधित आहेत’ या विधानावर किती भरवसा ठेवावा, हे तपासलेल्या ग्रंथींची संख्या सांगते. तेवढ्या कामासाठी ती उपयोगी आहे. शस्त्रक्रिया किती चांगली झाली आणि रुग्ण किती जगेल, हे मात्र तिच्यावरून थेट ठरवता येत नाही. भारतीय रुग्णांच्या बाबतीत हा फरक विसरला तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

लसीका ग्रंथींना रुग्णालयात सगळेच ‘नोड’ म्हणतात. या टिपणातही तोच शब्द वापरला आहे. ज्या नोडमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या तो बाधित, ज्यात सापडल्या नाहीत तो अबाधित.

१. नोड कशासाठी पाहायचे?

आतड्याच्या भिंतीतून निघणारी लसीका रक्तवाहिन्यांच्या सोबतीने मागे, मुळाकडे वाहते. जेमिसन आणि डॉबसन यांनी १९०९ मध्ये मोठ्या आतड्याच्या नोडचे चार गट वर्णन केले. पहिला गट आतड्याच्या भिंतीवरच असतो, दुसरा आतड्याच्या कडेने जाणाऱ्या धमनीलगत, तिसरा मधल्या फांद्यांच्या बाजूने आणि चौथा मुख्य धमनीच्या मुळाशी. म्हणूनच शल्यचिकित्सक केवळ गाठ असलेला आतड्याचा तुकडा काढत नाहीत. धमनी मुळाजवळ बांधून तिच्यावर अवलंबून असलेला आतड्याचा भाग आणि त्याला जोडलेला पंख्यासारखा आंत्रबंध असे सगळे एकत्र काढतात. नोड या आंत्रबंधाच्या चरबीत दडलेले असतात.

नोडमध्ये रोग पोचला की नाही याला महत्त्व का, हे लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाच्या वर्गीकरणातून स्पष्ट केले. रोग भिंतीपुरता असेल तर अ, भिंतीबाहेर गेला पण नोड अबाधित असतील तर ब, आणि नोड बाधित असतील तर क. आजच्या टीएनएम पद्धतीतही हाच सांगाडा टिकून आहे. दूर कोठे प्रसार नसेल आणि सर्व नोड अबाधित असतील तर रोग पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात मोडतो. एक जरी नोड बाधित निघाला तरी तो तिसऱ्या टप्प्यात जातो. एक ते तीन बाधित नोड म्हणजे एन-१, चार किंवा अधिक म्हणजे एन-२.

दुसरा आणि तिसरा टप्पा यांमधील ही रेषा उपचाराच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १९९० मध्ये मोर्टेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातील रोगात शस्त्रक्रियेनंतर फ्लुरोयुरासिल आणि लेव्हॅमिसोल दिल्यास मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. औषधे नंतर बदलली, पण तिसऱ्या टप्प्यात केमोथेरपी द्यायची हा नियम कायम राहिला. दुसऱ्या टप्प्यात असा ठळक फायदा दिसत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वासार चाचणीत बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या टप्प्यातले होते. केमोथेरपी न घेता पाच वर्षांत शंभरातले २० जण दगावतील असे धरले, तर केमोथेरपीमुळे त्यांतले तीन ते चार वाचतील असा त्या संशोधकांचा अंदाज होता.

आता समजा, निपाणीजवळच्या गावातील ४७ वर्षांची एक बिडी कामगार स्त्री. तिच्या मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया जवळच्या शहरात झाली आणि पुढच्या सल्ल्यासाठी ती साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून बेंगळुरूला आली. तिच्या अहवालात लिहिले आहे: गाठ भिंतीबाहेरील चरबीपर्यंत पोचलेली, पाच नोड तपासले, पाचही अबाधित. कागदावर ही बाई दुसऱ्या टप्प्यात आहे. पण खरोखर आहे का? तिला ऑक्झालिप्लॅटिनसारखे औषध दिले तर बोटांना दीर्घकाळ मुंग्या आणि बधिरपणा येऊ शकतो, आणि बोटे हेच तिच्या कमाईचे साधन आहे. औषध दिले नाही आणि सहावा नोड बाधित असेल, तर तिचा टळू शकणारा धोका आपण तसाच ठेवला. पुढची सर्व चर्चा या बाईला समोर ठेवून वाचावी.

२. बारा हा आकडा आला कोठून?

१९९० मध्ये सिडनी येथे भरलेल्या जागतिक जठरांत्रशास्त्र परिषदेसाठी एका कार्यगटाने या कर्करोगाच्या टप्पे-निश्चितीवर अहवाल तयार केला. किमान १२ नोड तपासावेत ही शिफारस त्या अहवालातून रूढ झाली. हा आकडा निसर्गात आढळलेल्या एखाद्या सीमारेषेवरून आलेला नव्हता. तज्ज्ञांनी उपलब्ध माहितीवरून केलेली ती व्यवहार्य तडजोड होती. त्याच सुमारास इतर संशोधकांनी १३ हा आकडा सुचवला होता. पुढे कोणी त्याहून कमी सांगितले, कोणी बरेच जास्त.

गोल्डस्टीन यांनी २००२ मध्ये ४५ वर्षांच्या काळातील २,४२७ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्व नमुने गाठ भिंतीबाहेर पोचलेल्या रुग्णांचे होते. जितके नोड अधिक सापडले तितकी बाधित नोड सापडण्याची शक्यता वाढत गेली, आणि ‘इथे थांबले तरी चालेल’ असा किमान आकडा त्यांना ठरवता आला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की सापडतील तेवढे सगळे नोड तपासावेत.

तरीही बाराचा आकडा घट्ट झाला. २००७ मध्ये अमेरिकेतील नॅशनल क्वालिटी फोरम या संस्थेने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किमान १२ नोड तपासले जाणे हे रुग्णालयाच्या गुणवत्तेचे एक माप म्हणून मान्य केले. टप्पे-निश्चितीसाठी दिलेली सूचना अशा रीतीने कामगिरीचा निकष झाली. आपला पहिला आक्षेप इथे सुरू होतो.

३. एक छोटे गणित

आकड्याचा अर्थ समजण्यासाठी साधी आकडेमोड करून पाहू. समजा, काढलेल्या आंत्रबंधात एकूण ३० नोड आहेत आणि त्यांतले तीन बाधित आहेत. पॅथॉलॉजिस्टने कोणतीही निवड न करता त्यांतले काही उचलले, तर तिन्ही बाधित नोड हातातून निसटण्याची शक्यता किती?

सहा नोड तपासले तर ती सुमारे ५० टक्के येते. १२ तपासले तर सुमारे २० टक्के. १८ तपासले तर सुमारे ५ टक्के. आता ३० पैकी एकच नोड बाधित आहे असे धरा. सहा तपासल्यावर तो निसटण्याची शक्यता ८० टक्के, बारानंतर ६० टक्के, अठरानंतर ४० टक्के.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, ११ आणि १२ यांच्यामध्ये कोणतीही भिंत नाही. भरवसा हळूहळू वाढतो, अचानक उडी मारत नाही. दुसरी, बाधित नोड थोडे असतील तर १२ हा आकडा मुळीच पुरेसा वाटत नाही. निपाणीच्या बाईच्या पाच नोडवरून ‘अबाधित’ म्हणणे किती कच्चे आहे, हेही यातून दिसते.

मात्र या गणितात एक मोठे गृहीतक लपलेले आहे: सर्व नोड सारखेच आहेत आणि ते डोळे मिटून उचलले जातात. प्रत्यक्षात तसे नसते. गाठीजवळचे नोड आधी शोधले जातात आणि मोठे नोड बोटांना आधी लागतात. रोगही सहसा गाठीजवळच्या नोडमध्ये आधी पोचतो. तेव्हा पहिल्या डझनभर नोडमध्ये बरीचशी माहिती येऊन जाते. उलट बाजूनेही सावध राहायला हवे. बाधित नोड मोठेच असतात असे नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान नोडमध्येही रोग वारंवार सापडतो, आणि घाईघाईत केलेल्या तपासणीत नेमके तेच राहून जातात.

४. दोन अभ्यास आणि त्यांनी उभा केलेला पेच

नोडची संख्या आणि आयुर्मान यांचा संबंध दाखवणारे अभ्यास पुष्कळ आहेत. स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील ३५,७८७ रुग्णांची माहिती तपासली. सर्वांची गाठ भिंतीबाहेर गेलेली होती आणि सर्वांचे तपासलेले नोड अबाधित होते. ज्यांचे एक किंवा दोनच नोड तपासले होते त्यांच्यात पाच वर्षे जगण्याचे सापेक्ष प्रमाण ६४ टक्के होते. ज्यांचे २५ पेक्षा अधिक तपासले होते त्यांच्यात ८६ टक्के. फरक प्रचंड आहे. यावरून ‘जास्त नोड काढा, रुग्ण जास्त जगेल’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

हा निष्कर्ष खरा असेल तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. ज्या रुग्णालयांत सरासरी जास्त नोड तपासले जातात तिथले रुग्ण जास्त जगले पाहिजेत. आणि काळाच्या ओघात तपासणी सुधारली तर बाधित नोड सापडण्याचे प्रमाण वाढले पाहिजे. या दोन्ही गोष्टी तपासणारे अभ्यास झाले आहेत.

वाँग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेतील ३०,६२५ रुग्णांची माहिती रुग्णालयांनुसार मांडली. जास्त नोड तपासणारी आणि कमी नोड तपासणारी रुग्णालये यांची तुलना केली, तेव्हा रुग्णांच्या इतर फरकांचा हिशेब धरल्यावर आयुर्मानात अर्थपूर्ण फरक उरला नाही. जास्त नोड तपासणाऱ्या रुग्णालयांत बाधित नोडचे रुग्णही अधिक सापडले नव्हते, आणि केमोथेरपीचे प्रमाणही वेगळे नव्हते.

पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ८६,३९४ रुग्णांचा वीस वर्षांचा आढावा घेतला. १२ किंवा अधिक नोड तपासल्या गेलेल्या रुग्णांचे प्रमाण १९८८ ते १९९० या काळात ३४.६ टक्के होते. २००६ ते २००८ मध्ये ते ७३.६ टक्के झाले, म्हणजे दुपटीहून अधिक. याच काळात बाधित नोड सापडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ४२ टक्के झाले. आपल्या छोट्या गणितानुसार ते याहून बरेच वाढायला हवे होते.

या अभ्यासांवरही आक्षेप घेता येतात आणि विद्यार्थ्यांनी ते घ्यायला शिकले पाहिजे. वाँग यांचा अभ्यास मेडिकेअर योजनेतील, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरील रुग्णांचा आहे. या वयात केमोथेरपी कमी दिली जाते, त्यामुळे अचूक टप्पा कळून होणारा फायदाही कमी दिसू शकतो. पार्सन्स यांच्या अभ्यासाच्या काळात कोलोनोस्कोपीचा प्रसार झाला. रोग लवकर सापडू लागला तर बाधित नोडचे प्रमाण खाली ओढले जाईल, आणि उत्तम तपासणीमुळे झालेली वाढ त्यात झाकली जाईल. हा आक्षेप योग्य आहे. पण त्याला एक उत्तरही आहे: त्याच अभ्यासात जास्त नोड तपासलेल्या रुग्णांची कमी नोड तपासलेल्या रुग्णांशी तुलना केली तरी बाधित नोडचे प्रमाण किंचितच अधिक होते, आणि मृत्यूचा धोका मात्र लक्षणीय कमी होता. फायदा दिसतो, पण तो टप्पा अधिक अचूक कळल्यामुळे झाला असे म्हणता येत नाही.

५. मग जास्त नोड असलेले रुग्ण जास्त का जगतात?

पहिले कारण टप्प्यांच्या अदलाबदलीचे आहे. शाळेतील अ आणि ब तुकड्यांचे उदाहरण घ्या. अ तुकडीतील सर्वांत कमी गुणांची मुले ब तुकडीत पाठवली, आणि ती ब तुकडीच्या सरासरीपेक्षा वरची असतील, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते. एकाही मुलाचा एकही गुण वाढलेला नसतो. कसून तपासणी केली की दुसऱ्या टप्प्यातील काही ‘लपलेले बाधित’ रुग्ण तिसऱ्या टप्प्यात जातात आणि दोन्ही टप्प्यांचे निकाल सुधारल्यासारखे दिसतात. फाइनस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगात हे दाखवले आणि विनोदकार विल रॉजर्स यांच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. पण बाधित नोडचे प्रमाण जवळपास स्थिर राहिले असेल तर हे कारण एकटे पुरत नाही.

दुसरे कारण रुग्णाच्या शरीरात आहे. गाठीविरुद्ध प्रतिकारशक्ती जागी झाली की नोड फुगतात. फुगलेले नोड सहज सापडतात, म्हणून मोजणी वाढते. अशा रुग्णाचे भवितव्यही बरे असते. इथे नोडची संख्या ही चांगल्या प्रतिकाराची खूण ठरते. डीएनए दुरुस्तीत दोष असलेल्या, म्हणजे ‘एमएमआर-दोष’ असलेल्या गाठी याचे उत्तम उदाहरण आहेत. त्या बहुधा उजव्या बाजूला होतात, त्यांच्या नमुन्यात नोड अधिक सापडतात, आणि दुसऱ्या टप्प्यात त्यांचे निकाल चांगले असतात. तरुण रुग्णांतही नोड अधिक सापडतात. आतड्याचा लांब भाग काढला असेल तरी संख्या वाढते.

तिसरे कारण व्यवस्थेचे. जिथे ग्रॉसिंग काळजीपूर्वक होते तिथे बहुधा बाकीची कामेही काळजीपूर्वक होतात.

म्हणजे एका आकड्यात तीन जणांची कामगिरी मिसळलेली आहे: शल्यचिकित्सकाने किती काढले, पॅथॉलॉजिस्टने किती शोधले आणि रुग्णाच्या शरीरात मुळात किती होते. अहवालात ‘सात’ असे लिहिले असेल तर कमी कोठे पडले हे त्या आकड्यावरून कळत नाही. केवळ त्यावरून शल्यचिकित्सकाला दोष देणे अन्याय्य आहे.

शस्त्रक्रियेची प्रत पाहायची असेल तर त्यासाठी वेगळे आणि अधिक थेट माप उपलब्ध आहे. हील्ड यांनी १९८२ मध्ये गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढण्यावर भर दिला. तेव्हापासून काढलेल्या नमुन्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की फाटलेला, हे पाहून शस्त्रक्रियेची पातळी नोंदवण्याची पद्धत विकसित झाली. मोठ्या आतड्यासाठी लीड्स येथील वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच केले. आंत्रबंधाचे आवरण अखंड ठेवून काढलेल्या रुग्णांचे पाच वर्षांचे जीवित प्रमाण, आतड्याच्या स्नायूपर्यंत चिरत गेलेल्या शस्त्रक्रियांच्या तुलनेत १५ टक्क्यांनी अधिक आढळले. अभ्यास पूर्वलक्षी आहे, त्यामुळे तोही अंतिम शब्द नाही. पण पृष्ठभागाच्या निरीक्षणात किमान शल्यचिकित्सकाचेच काम मोजले जाते.

६. भारतीय रुग्णाला हे कितपत लागू?

वरचे बहुतेक पुरावे अमेरिकेतील वयस्क रुग्णांचे आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा होता, आणि सिग्नेट रिंग पेशींचा आक्रमक प्रकार पाश्चात्त्य मालिकांपेक्षा अधिक आढळला. मोठ्या केंद्राकडे येणारे रुग्ण सगळ्या देशाचे प्रतिनिधी नसतात हे खरे. तरीही तीन मुद्दे विचारात घ्यावे लागतात.

तरुण रुग्णाला केमोथेरपी सोसते आणि त्याच्यापुढे आयुष्यही अधिक असते. म्हणून त्याच्या बाबतीत टप्पा चुकण्याची किंमत ७५ वर्षांच्या रुग्णापेक्षा जास्त आहे. वाँग यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन ‘नोड मोजण्याला फारसा अर्थ नाही’ असे आपण म्हणू शकत नाही.

गुदाशयाच्या पुढे गेलेल्या रोगात शस्त्रक्रियेआधी किरणोपचार आणि केमोथेरपी देतात. त्यामुळे नोड आक्रसतात आणि कमी सापडतात. अशा नमुन्यात आठच नोड मिळाले तर ते निष्काळजीपणाचे लक्षण मानू नये. मोठ्या आतड्यासाठी तयार झालेला निकष इथे जसाच्या तसा लावणे चूक आहे. पण ‘किरणोपचार झाले आहेत’ हे शोध अर्धवट सोडण्याचे निमित्तही होऊ नये.

तिसरा मुद्दा नोंदींचा आहे, आणि तो बेंगळुरूशी जोडलेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात १९८२ पासून जी पहिली लोकसंख्याधारित नोंदणी केंद्रे काम करू लागली, त्यांत मुंबई आणि चेन्नई यांच्यासोबत बेंगळुरू होते. तिथली नोंदणी किडवाई स्मारक कर्करोग संस्थेत चालते. देशभरच्या नोंदणीचे सूत्रसंचालन करणारी राष्ट्रीय रोग माहिती व संशोधन संस्थाही बेंगळुरूतच आहे. रुग्णालयीन नोंदणीच्या अहवालांत रोगाचा विस्तार ढोबळमानाने मांडला जातो: स्थानिक, आसपास पसरलेला, दूर पसरलेला. देशव्यापी चित्रासाठी ही विभागणी सोयीची आहे. पण पाच नोड पाहून ‘स्थानिक’ ठरलेला रुग्ण आणि पंचवीस पाहून ‘स्थानिक’ ठरलेला रुग्ण त्या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात. अशा तक्त्यांवरून दोन शहरांची किंवा दोन दशकांची तुलना करताना तुकड्यांच्या अदलाबदलीचे उदाहरण आठवावे. तपासलेल्या नोडची संख्या टप्प्याच्या शेजारी नोंदवली गेली, तर हीच माहिती कितीतरी अधिक विश्वासार्ह होईल.

७. अहवाल कसा वाचावा?

आता पुन्हा निपाणीच्या बाईकडे येऊ. पाच नोड, पाचही अबाधित. बेंगळुरूतील डॉक्टरांनी काय करावे?

सर्वांत आधी प्रयोगशाळेला फोन करून उरलेला नमुना फॉर्मॅलिनमध्ये आहे का, हे विचारावे. असेल तर पुन्हा ग्रॉसिंग करता येते. चरबीचे दोन-तीन मिलिमीटरचे पातळ काप करून प्रत्येक काप बोटांनी चाचपायचा, गाठीजवळच्या चरबीवर विशेष लक्ष द्यायचे. चरबी पारदर्शक किंवा मऊ करणारी द्रावणे वापरली तर लहान नोड पांढरे उठून दिसतात. ताजा नमुना मिळाला तर धमनीतून मिथिलीन ब्लू सोडून नोड रंगवता येतात, आणि त्याला महागडे साहित्य लागत नाही. या बाईच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे. पण नमुना फेकून दिला नसेल तर पुनर्तपासणीचा खर्च थोडा आहे आणि मिळणारी माहिती मोठी. अहवाल पूर्ण होऊन उपचार ठरेपर्यंत उरलेला नमुना जपून ठेवावा, हा नियम प्रत्येक प्रयोगशाळेने पाळला पाहिजे तो याच कारणासाठी.

त्यानंतर अहवालातील बाकीच्या ओळी वाचाव्यात. गाठ बाह्य आवरण फोडून आली आहे का? रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्यांमध्ये पेशी आहेत का? शस्त्रक्रियेआधी आतडे बंद झाले होते का किंवा फुटले होते का? चरबीत नोडशिवाय कर्करोगाचे सुटे पुंजके आहेत का? असे पुंजके असतील, तर एकही नोड बाधित नसताना टीएनएमनुसार रोग एन-१सी ठरतो, म्हणजे थेट तिसऱ्या टप्प्यात जातो. हा बारकावा परीक्षेत आणि प्रत्यक्षातही सुटतो. एमएमआर तपासणीही हवी, कारण तो दोष असलेल्या दुसऱ्या टप्प्यातील गाठीत नुसत्या फ्लुरोयुरासिलचा उपयोग होत नाही.

पुनर्तपासणी करूनही नोड पाचच राहिले, तर १२ पेक्षा कमी नोड हा धोका वाढवणारा घटक धरून केमोथेरपीचा विचार करावा असे प्रमुख मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. विचार करणे आणि ठोकून देणे यांत फरक आहे. मोझॅक चाचणीच्या दीर्घकालीन निष्कर्षांत दुसऱ्या टप्प्यात ऑक्झालिप्लॅटिन जोडल्याने एकूण आयुर्मानात फायदा दिसला नव्हता. तेव्हा जिची उपजीविका बोटांवर आहे तिला केवळ नोड कमी मिळाले म्हणून हे औषध देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. रक्तातील गाठीचा डीएनए पाहून निर्णय घेण्याचा मार्गही पुढे येत आहे. २०२२ च्या डायनॅमिक चाचणीत या पद्धतीने दुसऱ्या टप्प्यात केमोथेरपी घेणाऱ्यांचे प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आले, आणि रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. मात्र ही तपासणी आज आपल्याकडील बहुतेकांच्या खिशाला परवडणारी नाही. नीट केलेले ग्रॉसिंग मात्र तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेलाही परवडते.

निष्कर्ष

बाराचा नियम टाकून द्यावा असे या टिपणाचे म्हणणे नाही. बारापेक्षा कमी नोड दिसले की थांबून कारण शोधावे, यासाठी तो नियम चांगला आहे. तो बिघडतो तो दोन ठिकाणी. बारा भरले की शोध थांबवला जातो, तेव्हा तेरावा लहान नोड चरबीतच राहतो. आणि आकड्यावरून माणसांची प्रतवारी होऊ लागते, तेव्हा आकडा भरण्याकडे लक्ष जाते आणि आवरण अखंड आहे का, पुंजके आहेत का, हे प्रश्न मागे पडतात.

म्हणून अहवालात ‘नोड अबाधित’ हे दोन शब्द कधीही एकटे वाचू नयेत. किती तपासले, कोणत्या परिस्थितीत तपासले आणि बाकी नमुना काय सांगतो, हे जोडूनच त्यांचा अर्थ लागतो. निपाणीच्या बाईसाठी पहिले औषध कदाचित प्रयोगशाळेला केलेला तो एक फोनच असेल.

विचारासाठी प्रश्न

१. एका नमुन्यात २४ नोड आहेत आणि त्यांतले दोन बाधित आहेत. कोणतीही निवड न करता आठ तपासले तर दोन्ही निसटण्याची शक्यता काढा. प्रत्यक्षात ही शक्यता कमी की जास्त असेल? दोन्ही बाजूंनी कारणे द्या.

२. स्वॉन्सन आणि वाँग यांचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. एकाने रुग्णांची आणि दुसऱ्याने रुग्णालयांची तुलना केल्यामुळे काय फरक पडतो, ते सांगा.

३. किरणोपचारानंतर काढलेल्या गुदाशयाच्या नमुन्यात नऊ नोड सापडले आहेत. शल्यचिकित्सकाच्या कामाविषयी मत देण्यापूर्वी तुम्ही आणखी कोणती माहिती मागाल?

४. तुमच्या जिल्ह्यातील रुग्णालयात पुढील वर्षी नोडची सरासरी संख्या ८ वरून १६ झाली, तर कोणती सुधारणा झाली असे तुम्ही म्हणाल आणि काय म्हणणार नाही?